ठाण्याच्या नौपाड्यातला रविवार सकाळचा फिल्म क्लब : पडद्याला दोन स्टार, गप्पांना पाच

आधीच सांगते, क्लबचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर पुढे बऱ्याच तक्रारी आहेत आणि मंडळी आता ओळखीची झालीत, गावदेवीला भाजी आणायला गेलं तरी कोणीतरी भेटतं. आणि दुसरं म्हणजे हॉलमध्ये खुर्च्या साठच आहेत, मागे मी कौतुकाने ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं तर ऐरोलीहून सात जण आले नि मलाच दाराशी उभं राहून बघावं लागलं. नौपाड्यात दोन जणांना विचाराल तर तिसरा घेऊन जाईल.

तर प्रकार असा आहे की महिन्याच्या चौथ्या रविवारी सकाळी साडेनऊला एक जुना पिक्चर दाखवतात, मग चहा-वडा, आणि त्यानंतर पाऊण-एक तास चर्चा. वर्षाची वर्गणी १२०० रुपये, एकाच दिवसापुरतं यायचं तर १५०, त्यात नाश्ता आला. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या संस्थेचा पहिल्या मजल्यावरचा हॉल आहे, लिफ्ट नाही, पायऱ्या चोवीस (गुडघे दुखणाऱ्यांनी मोजल्यात, मी नाही). मी मागच्या जूनमध्ये वर्गणी भरली, म्हणजे आता वर्ष होऊन गेलं, मधले दोन सोडले तर सगळे रविवार गेलेय, त्यामुळे लिहायला हरकत नाही असं वाटतं.

मुळात मी तिथे का गेले, तर आळसामुळे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून आहे, कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर दोन-तीनदा गेलेही होते, पण ठाण्याहून रविवारी सकाळी निघायचं म्हणजे मेगाब्लॉक, धीम्या गाड्या जलदवर, मुलुंडला गाडी उभी, आणि पोचेपर्यंत टायटल संपून हिरॉईन रडायला लागलेली असते. इथे मी पाचपाखाडीतून चालत जाते. घरच्यांचं म्हणणं असं की हे सगळे पिक्चर मोबाईलवर फुकट मिळतात, त्यासाठी १२०० कशाला. खरंय, मिळतात. मी पण डाऊनलोड करून ठेवलेले आहेत, तीन वर्षांपासून ठेवलेलेच आहेत.

आधी तक्रारी उरकून घेते.

साडेनऊ म्हणजे दहा वाजून पाच मिनिटं. हे कायमचं आहे, एकदाही चुकलेलं नाही. साडेनऊला दार उघडतात, पावणेदहाला कोणीतरी लॅपटॉप आणतं, मग त्याची ती वायर सापडत नाही, मग सापडते. त्यानंतर एक प्राध्यापक पिक्चरची ओळख करून देतात आणि माणूस अतिशय वाचलेला, बोलतात गोड, पण शेवट सांगून टाकतात. अहो, ऐंशी वर्षांहून जुना पिक्चर आहे, कबूल, शेवट जगाला माहितीये, हेही कबूल, पण मला माहीत नव्हता ना! पाच मिनिटांनी मी तो बघणारच होते. दोनदा लेखी सूचना दिली, त्या डब्यातून वाचल्या जातात की नाही माहीत नाही, कारण डब्याला कुलूप आहे आणि किल्ली जुन्या सेक्रेटरींकडे, ते पुण्याला शिफ्ट झाले.

हॉलला काळे पडदे नाहीत, खिडक्यांना निळ्या चादरी लावतात. एका खिडकीच्या वरचा झरोका तेवढा झाकला जात नाही, तिथपर्यंत शिडी पोचत नाही म्हणतात, त्यामुळे पावसाळा सोडून बाकी सगळं वर्ष अकरा ते साडेअकरा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात उन्हाचा पट्टा पडतो आणि डावीकडे उभं असलेलं पात्र त्या अर्ध्या तासात भुतासारखं दिसतं. प्रिंटचंही तसंच, कुठून कुठून आणतात देव जाणे, एकदा तर सबंध पिक्चरभर खालच्या कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनलचा लोगो होता आणि इंग्रजी सबटायटल्स त्याच्या मागून जात होती. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. उशी न्या, हसतील, तरी न्या, दुसऱ्या तासाला तेच हसणारे बघत बसतात.

आता खरी गंमत सांगते, माझा पहिलाच रविवार. पाऊस धो-धो, मी भिजून पोचले, पिक्चर होता व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’, १९३७ चा, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीराची गोष्ट. सुरू झाला तर नीरा झालेली शांता आपटे चांगलीच गोलमटोल. मला वाटलं त्या काळी बायका अशा असतील, खाऊन-पिऊन सुखी. तिचा नवरा झालेल्या केशवराव दात्यांना तर गालगुंड झाल्यासारखं तोंड. मी काही बोलले नाही कारण नवीन होते, आजूबाजूची मंडळी पांढऱ्या केसांची नि गंभीर. आणि मग मागच्या रांगेतून आवाज आला, “अहो, बाई रुंद झाल्यात!”

हे आमचे ऑपरेटर काका. नाव सगळ्यांना माहितीये पण हाक कोणी नावाने मारत नाही. ठाण्यातल्या एका टॉकीजमध्ये तीस वर्षं प्रोजेक्शनच्या खोलीत काढली, ती टॉकीज पडून तिथे टॉवर झाला, काका उरले. ते उठले, प्रोजेक्टरपाशी आले, लॅपटॉपवाल्या मुलाच्या हातातून रिमोट घेतला नि कुठली तरी तीन बटणं दाबली. चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं, कडेला काळे पट्टे पडले, आणि शांता आपटे एकदम बारीक, धारदार, अशी की नवऱ्याच्या म्हाताऱ्या तोंडाकडे बघून नाक मुरडेल तर त्याला लागेल. “चार बाय तीन आहे हा,” काका म्हणाले, “तुम्ही सोळा बाय नऊ ताणताय. माणूस एक तृतीयांश जाड होतो.” हे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण. मी घरी येऊन कागदावर आकडेमोड केली, बरोबर एक तृतीयांशच येतं. तेव्हापासून घरच्या टीव्हीवर जुनं गाणं लागलं की माझा हात आपोआप सेटिंगमध्ये जातो आणि नवरा वैतागतो.

त्याच दिवशी दुसरा घोळ माझाच. वीसेक मिनिटांनी मला वाटलं स्पीकरची एक वायर निघालीये, कारण बोलणं ऐकू येतंय, पावलं ऐकू येतायत, घड्याळ ऐकू येतंय, पण मागचं म्युझिक गायब. शेजारच्या बाईंना हळूच म्हटलं, “आवाज अर्धाच येतोय का हो?” त्या हसल्या. म्हणाल्या, “थांबा, नंतर बोलू.” नंतर कळलं की ‘कुंकू’ला पार्श्वसंगीतच नाही. ठरवून नाही ठेवलंय. जे वाजतं ते त्या घरात, त्या गल्लीत खरंच वाजत असलेलं. हे घरी मोबाईलवर बघताना मला आयुष्यात कळलं नसतं, मी आवाज वाढवला असता, मग हेडफोन बदलला असता, मग बंद करून दुसरं काहीतरी लावलं असतं. इथे बंद करता आलं नाही म्हणून ऐकत बसले, आणि मध्यंतरानंतर (मध्यंतर म्हणजे लॅपटॉपचा चार्जर लावायचा असतो) ते घड्याळ माझ्या डोक्यात असं काही घुमायला लागलं की त्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या छातीतच टिकटिकतंय असं वाटायला लागलं.

आणि मग चर्चा. इथे या क्लबचं सगळं सोनं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चर्चा चालवतात एक निवृत्त शाळेच्या बाई. त्यांच्या टेबलावर वक्तृत्व स्पर्धेत असते तशी घंटी. तीन मिनिटं झाली की टण्ण. आणि त्यांचा एक नियम आहे जो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही, तो म्हणजे ज्यांनी पिक्चर आज पहिल्यांदा बघितला त्यांनी आधी बोलायचं. ज्यांनी आधी बघितलाय, पुस्तकं वाचलीत, दिग्दर्शकाच्या भाच्याला भेटलेत, ते नंतर. दिसायला नियम साधा आहे पण त्यामुळे होतं काय की कोणी तरी अगदी बावळट प्रश्न विचारतो, जसा माझा स्पीकरचा, आणि त्या बावळट प्रश्नावरून जाणकार मंडळींना उत्तर द्यावं लागतं, भाषण करता येत नाही. नाहीतर अशा ठिकाणी काय होतं माहितीये ना, एक जण माइक धरतो, “मी १९७२ साली हा पिक्चर पाहिला तेव्हा” पासून सुरुवात करतो नि बाकीचे वड्याकडे बघत बसतात. तसे एक गृहस्थ आमच्याकडेही आहेतच, पण घंटी आहे.

‘कुंकू’च्या वेळी एक कॉलेजातली मुलगी बोलली, आजोबांना सोडायला आली होती आणि पावसामुळे अडकली म्हणून थांबली होती. ती म्हणाली, नीरा पूर्ण पिक्चर भांडली, म्हाताऱ्याशी संसार करणार नाही म्हणून खोलीचं दार लावून घेतलं, सासरच्यांना पुरून उरली, आणि शेवटी सुटका कशी होते, तर नवरा चिठ्ठी लिहून जीव देतो. म्हणजे मोठेपणा त्याचाच झाला ना? भांडली ती आणि आपण हळहळलो त्याच्यासाठी! हॉल शांत. मग एक आजोबा उसळले, म्हणाले १९३७ साल बघ, त्या काळात जरठ-बाला विवाहावर एवढं दाखवणं म्हणजे काय होतं तुला कल्पना नाही. मुलगी म्हणाली, मी साल बघितलं, म्हणून तर ती दार लावते तिथे टाळ्या वाजवल्या, मी शेवटाबद्दल बोलतेय. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एक आजी, चौऱ्याऐंशी वय, माइक न घेताच म्हणाल्या, “माझ्या आत्याचा नवरा असाच होता. तो काही मेला नाही बाई. तीस वर्षं जगला.” टण्ण करायचं बाई विसरल्या.

नंतर कोणीतरी सांगितलं की नवऱ्याची ती विधवा मुलगी झालीये, जी नीराच्या बाजूने उभी राहते, त्या शकुंतला परांजपे, गणितज्ञ रँग्लर परांजप्यांची मुलगी आणि दिग्दर्शिका सई परांजप्यांची आई, आणि प्रत्यक्ष आयुष्यात त्यांनी संततिनियमनाचं काम केलं. मग मला तिचे सगळे सीन परत बघावेसे वाटले. आणि मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची, नाव ‘न पटणारी गोष्ट’, यावर तर ती मुलगी म्हणाली की नाव तरी बरोबर ठेवलंय. तिने त्याच दिवशी वर्गणी भरली. आजोबा आता येत नाहीत, ती येते.

हिवाळ्यात गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ दाखवला. हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचा पिक्चर, १९५९. इथे तर मंडळींनी उलटाच पराक्रम केला, पडदा भरून दिसावा म्हणून झूम केलं नि दोन्ही कडा कापल्या. ऑपरेटर काका त्या दिवशी उशिरा आले, आल्या आल्या म्हणाले, “पाव पिक्चर भिंतीबाहेर टाकलात.” खरंच दोन माणसं बोलत होती आणि दोघांचेही कान तेवढे दिसत होते. मग वरखाली काळे पट्टे घेऊन चित्र लहान झालं, मागच्या रांगेने कुरकुर केली, पण माणसं पूर्ण दिसायला लागली. चहाच्या वेळी काकांनी सांगितलं की स्कोपच्या फिल्मवर चित्र आडवं दाबून बसवलेलं असतं, प्रोजेक्टरला वेगळी लेन्स लावली की ते उलगडून दुप्पट रुंद होतं, आणि त्यांच्या टॉकीजला एकदा नवीन पोऱ्याने ती लेन्स लावायचीच विसरली, तर सगळे हिरो उदबत्तीसारखे उभट नि पब्लिकच्या शिट्ट्या. आणि रीळ बदलायची वेळ झाली की पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका येतो, पहिला आला की दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा आला की इकडचं बंद तिकडचं चालू, प्रेक्षकाला कळता कामा नये. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत जळत लहान होतात, त्यांच्यातलं अंतर सारखं जुळवत बसायचं, नाहीतर पडदा पिवळा पडायला लागतो. तीस वर्षं पिक्चर बघितले पण गोष्ट एकाचीही सलग माहीत नाही, म्हणाले, कांडीकडे लक्ष असायचं. आता निवृत्त झाल्यावर गोष्टी बघतोय. हे सांगताना माणूस वडा खात होता, चटणी दाढीला लागलेली, पण मला तो पूर्ण पिक्चर एकीकडे नि हे एकीकडे असं झालं.

पिक्चर मला स्वतःला फार रेंगाळलेला वाटला, हे मी तिथेही बोलले. नायक कुढतो, कुढतो, अजून कुढतो. त्यावरून दोन आजोबा माझ्याशी आजही नीट बोलत नाहीत. पण त्यातला तो स्टुडिओतला प्रकाशाचा झोत, कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून बाहेरचं ऊन आत फिरवलं आणि तो झोत तयार केला, तो सीन चालू झाला आणि नेमके अकरा वाजून गेलेले, आमच्या झरोक्यातला पट्टा पडद्याच्या कोपऱ्यावर हजर! मूर्तींचं ऊन उजवीकडे, नौपाड्याचं ऊन डावीकडे. अख्खा हॉल हसला, आणि हसून झाल्यावर कोणीतरी पुटपुटलं की खरं ऊन किती फिकं दिसतंय. हा पिक्चर पडला आणि त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कुठल्याही पिक्चरला लावलं नाही, हे ऐकल्यावर मी जरा गप्प बसले. मत बदललेलं नाही पण.

मे महिन्याचा रविवार मात्र मी विसरणार नाही. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, १९५७, सिडनी ल्युमेट. बारा माणसं एका खोलीत, एका पोराला फाशी द्यायची की नाही ठरवतायत, अकरा विरुद्ध एक. पिक्चरमध्ये उकाडा भयंकर, सगळे घामाने निथळलेले, खोलीतला पंखा चालत नाही. आणि आमच्या हॉलमध्ये मेचं ठाणं, आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून पंखे बंद, क्लबचा नियमच आहे तो. शंभरेक मिनिटं आम्ही पन्नास-साठ माणसं त्या बाराजणांबरोबर अक्षरशः शिजलो. वह्यांनी वारा घालतायत, पदराने घालतायत. पिक्चरमध्ये पाऊस येतो, अंधारतं म्हणून कोणीतरी दिव्याचं बटण दाबतं नि त्याच बटणावर पंखाही सुरू होतो. त्याच सेकंदाला आमच्यातल्या एका काकूंनी उठून भिंतीवरची चारही बटणं फटाफट दाबली आणि म्हणाल्या, “त्यांना मिळाला ना, मग आम्हाला पण.” टाळ्या. संवाद काही ऐकू आले नाहीत पुढची पाच मिनिटं, कोणाला फरक पडला नाही.

त्या दिवशीची चर्चा सगळ्यात रंगली कारण ठाणे कोर्टात वकिली करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. आम्ही सगळे त्या आठ नंबरच्या ज्युररवर, म्हणजे अकरांविरुद्धच्या त्या एकट्यावर, फिदा. तो खिशातून खुनातल्या सुऱ्यासारखाच सुरा काढून टेबलात खुपसतो तिथे तर शिट्टी वाजली होती. ताई म्हणाल्या, तेच तर करायचं नसतं! ज्यूरीतल्या माणसाने स्वतः बाजारात जाऊन पुरावा शोधून आणायचा नसतो, कोर्टात जे आलं तेवढ्यावरच ठरवायचं, खऱ्या खटल्यात हे कळलं असतं तर सगळं मुसळ केरात. म्हणजे आपला हिरोच नियम मोडतो. झालं, तिथून पेटलं. एक म्हणतो चांगल्यासाठी मोडला, दुसरा म्हणतो वाईट हेतूचा माणूस पण असंच म्हणेल. मग विषय नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यावर गेला, १९५९ मध्ये तिथल्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं होतं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली आणि तिथे जन्मठेप झाली. म्हणजे ज्यूरी आठ विरुद्ध एक म्हणून बरोबर असते असंही नाही नि अकरा विरुद्ध एक म्हणूनही नाही, असं त्या कॉलेजवाल्या मुलीने म्हटलं, आणि १९७२ वाले गृहस्थ चक्क “हं” एवढंच म्हणाले.

आणि एक गोष्ट त्या प्राध्यापकांनी सांगितली, त्याबद्दल त्यांना शेवट सांगण्याचे सगळे गुन्हे माफ. ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवला, मध्ये डोळ्यांच्या पातळीला आणला, शेवटी शेवटी खाली, आणि लेन्सही बदलत नेल्या, त्यामुळे गोष्ट जसजशी पुढे जाते तसतशा भिंती अंगावर येतात नि छत दिसायला लागतं. मी म्हटलं, मला वाटलं आपल्या पंख्यामुळे घुसमटतंय. ते म्हणाले, “थोडं त्याचं श्रेय, थोडं आपल्या कमिटीचं.” मी घरी जाऊन परत बघितला, आता मोबाईलवर. बरोबर आहे. सुरुवातीला छत नाहीच दिसत. पण आधी कोणी सांगितलं नसतं तर मी दहा वेळा बघूनही मला कळलं नसतं, मला फक्त घाम आठवला असता.

म्हणून जे विचारतात की फुकट मिळतं तर पैसे कशाला, त्यांना मी हेच सांगते. चांगला पडदा हवा असेल तर इथे येऊच नका. गेल्या काही वर्षांत मल्टिप्लेक्सात जुने पिक्चर परत लावायला लागलेत, २०२२ मध्ये अमिताभचे नि दिलीपकुमारचे लागले, २०२३ मध्ये देव आनंदचे, तसलं चित्र, तसला आवाज आमच्या हॉलला सात जन्मात जमणार नाही. पण तिथे दिवे लागले की सगळे पार्किंगकडे पळतात. तीनशे रुपयांचं तिकीट काढून एवढा मोठा पिक्चर बघायचा नि बोलायचं कोणाशी, तर लिफ्टमध्ये नवऱ्याशी, आणि तो म्हणणार “बरा होता”.

उपयोगाचं थोडं. गाडी आणू नका, त्या गल्लीत सायकलसुद्धा लावायला जागा नाही, स्टेशनपासून पश्चिमेला चालत दहा-पंधरा मिनिटं आहे. वडा गरम असतो पण मोजून एक, दुसरा मागितला तर बघतात. बाथरूम तळमजल्यावर, म्हणजे परत त्या चोवीस पायऱ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आल्या आल्या म्यूट करा, रोज सकाळी फुलांचे फोटो, पण शुक्रवारी एकदा उघडा, कारण ऐनवेळी पिक्चर बदलला तर तिथेच कळतं. तरुण मंडळी फार कमी आहेत, ती कॉलेजवाली आणि तिने आणलेले तीन-चार जण सोडले तर. आणि वर्षभरात एकही मूकपट दाखवला नाही, ही माझी खरी तक्रार, फाळक्यांनी १९१३ मध्ये सुरुवात केली ते गाव आपल्याला लोकलने तासाभरावर, आणि आम्ही बोलपटाच्या आधी काही घडलंच नाही असे वागतो.

मागच्या महिन्यात आषाढी जवळ आली म्हणून ‘संत तुकाराम’ लावला होता, प्रभात कंपनीचा, १९३६, दामले-फत्तेलाल. नाश्त्याला वड्याऐवजी साबुदाण्याची खिचडी, एकादशी नसताना, केवळ वातावरणनिर्मिती. ऑपरेटर काका नव्हते, नाशिकला मुलीकडे गेलेले. पिक्चर सुरू झाला, विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले, आणि तुकोबा चांगले बाळसेदार! एक सेकंद शांतता, आणि मग पुढच्या, मधल्या, मागच्या रांगांतून एकदम आवाज, “चार बाय तीन! चार बाय तीन!” चौऱ्याऐंशीच्या आजीसुद्धा. लॅपटॉपवाला मुलगा रिमोट शोधतोय, टेबलावर नाही, खोक्यात नाही, कोणाच्याच पर्समध्ये नाही. शेवटी नाशिकला फोन लावला, स्पीकरवर. काका म्हणाले, “थांबा हां,” मग खसखस आवाज, मग म्हणाले, “अरे बापरे, शर्टाच्या खिशात आहे की हो.” मग तिथूनच त्यांनी सांगितलं, प्रोजेक्टरच्या डोक्यावर बटणं आहेत, डावीकडून तिसरं, दोनदा, आता खाली, आता दाबा. तुकोबा बारीक झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या फोनवर ऐकू गेल्या असणार कारण काका म्हणाले, “जिजाई नीट दिसतेय का बघा, ती रुंद झाली तर मजा जाते.” गौरीबाईंची जिजाई म्हणजे काय चीज आहे हे बघितलेल्यांना माहितीये, विठोबालाही सोडत नाही ती, आणि नवरा वैकुंठाला निघाला तरी आपली मागे संसाराशी राहते.

चहाला वाद झाला तो ‘आधी बीज एकले’वरून. एक वारकरी घरातले काका ठामपणे म्हणत होते की तुकोबांचाच अभंग, लहानपणापासून म्हणतोय. प्राध्यापक म्हणाले नाही, शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलेलं गाणं आहे. काकांनी मोबाईलवर गाथा उघडली. खिचडी गार झाली, ते आपले शोधतायत, चष्मा वर, चष्मा खाली, आणि आम्ही सगळे भोवती. नाही सापडला. शेवटी मोबाईल खिशात टाकून म्हणाले, “असेल आठवल्यांचा. पण तुकोबांनी वाचला असता तर सही केली असती.” बाईंनी घंटी वाजवली नाही, एकाचे दोन वाजले होते घड्याळात तरी.

रिमोट अजून नाशिकलाच आहे. कुरिअर करू नका, हरवेल, असं कमिटीने ठरवलंय, काका स्वतः घेऊन येणार. या महिन्याचा पिक्चर त्यांच्या तारखेप्रमाणे एक आठवडा पुढे ढकललाय, म्हणजे पाचव्या रविवारी. खिडकीखालची, भिंतीला टेकून असलेली खुर्ची माझी आहे, उशी ठेवलेली दिसेल.